बाटलीतली स्ट्रॉबेरी, बरणीतलं द्राक्ष

फेब्रुवारी-मार्चमध्ये पाचगणीहून महाबळेश्वरकडे जाताना रस्त्याच्या दोन्ही कडांना स्ट्रॉबेरीच्या डब्या मांडलेल्या दिसतात. एकसारख्या आकाराची, टणक, देठापर्यंत लाल झालेली फळं मुंबई-पुण्याच्या गाडीत चढतात. वेडीवाकडी, एका अंगाने दबलेली किंवा झाडावरच जरा जास्त पिकलेली फळं मागे राहतात. त्यांना बाजारात मान नाही. रस काढायचा म्हटला तर मात्र हीच फळं पहिल्या प्रतीची. आंबा किंवा केळं तोडल्यावर आढीत पिकतं, तशी स्ट्रॉबेरी पिकत नाही. झाडावरून निघाली की तिची गोडी जिथल्या तिथे थांबते. वाहतुकीसाठी थोडी आधी तोडलेली देखणी फळं म्हणूनच चवीला बेताची निघतात आणि खरा वास असतो तो मऊ पडलेल्या फळांत.

अडचण एवढीच, की अशी फळं दुसऱ्या दिवशी पाणी सोडतात आणि तिसऱ्या दिवशी त्यांना बुरशी धरते. सातारा जिल्ह्यातल्या सरबतांच्या धंद्याचा जन्म या तीन दिवसांच्या घाईतून झाला.

सर जॉन माल्कम मुंबईचे गव्हर्नर असताना, 1828-29च्या सुमारास, महाबळेश्वर थंड हवेचं ठाणं म्हणून वसलं. इंग्रजांच्या बागांबरोबर त्यांची फळंही डोंगरावर आली. आज स्ट्रॉबेरीची मातृरोपं परदेशातून येतात. महाबळेश्वरचा पाऊस त्यांना सोसवत नाही, म्हणून पावसाळ्यात ती खाली वाईच्या परिसरात वाढवतात आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात नवी रोपं डोंगरावर लागतात. स्वीट चार्ली, विंटर डॉन, कॅमारोसा ही वाणांची नावं भिलार गावच्या शेतकऱ्याच्या तोंडी घरच्या माणसांच्या नावांसारखी असतात. 2010 साली महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला भौगोलिक मानांकन मिळालं. त्याच्या कितीतरी आधी, 1959 साली, किशोर व्होरा यांनी पाचगणीत जॅमपासून सुरुवात करून ‘मॅप्रो’ ही कंपनी उभी केली. पुढे सरबतं, क्रश, सिरप आले आणि पाचगणीला गेलेला पाहुणा लाल बाटली घेतल्याशिवाय घाट उतरेनासा झाला.

त्या बाटलीत जे घडतं ते घरच्या ओट्यावरही घडू शकतं. त्यासाठी यंत्रसामग्री लागत नाही, तीन गोष्टींचा हिशेब लागतो: साखर, आंबटपणा आणि उष्णता. घरची सरबतं फसतात ती बहुतेक वेळा यातल्या एकाच गोष्टीवर, म्हणजे साखरेवर, भिस्त ठेवल्यामुळे.

दुकानात स्क्वॉश, क्रश, सिरप आणि कॉर्डियल या नावांच्या बाटल्या शेजारी-शेजारी असतात आणि गिऱ्हाईक त्या सगळ्यांना सरबतच म्हणतं. त्यांच्यातला फरक 1955च्या फळप्रक्रिया आदेशाने आकड्यांत बांधून दिला. फळाचा रस चौघांतही किमान 25 टक्के हवा. विरघळलेला घन भाग, जो मुख्यतः साखरेचाच असतो, तो मात्र वेगवेगळा: कॉर्डियलमध्ये किमान 30 टक्के, स्क्वॉशमध्ये 40, क्रशमध्ये 55 आणि सिरपमध्ये 65. कॉर्डियलची आणखी एक अट म्हणजे त्याचा रस गाळून, निवळून आरपार दिसणारा केलेला असतो. स्क्वॉश आणि क्रशमध्ये गराचे कण चालतात.

या आकड्यांना ‘ब्रिक्स’ म्हणतात आणि हा शब्द सांगली जिल्ह्यात कोणाला समजावून सांगावा लागत नाही. तासगाव, मिरज, पलूस, कवठेमहांकाळ इथल्या द्राक्ष बागायतदाराच्या घरात रिफ्रॅक्टोमीटर नावाची छोटी नळी असते. घडातला एक मणी चिरडून तिच्या काचेवर थेंब टाकायचा, उजेडाकडे धरून डोळा लावायचा, की रसात साखर किती ते आतल्या पट्टीवर दिसतं. द्राक्ष काढणीला आलं का, बेदाण्याला घालण्याइतकं गोड झालं का, हे त्यावरून ठरतं. हीच नळी स्वयंपाकघरात आणली तर सरबताचा अंदाजपंचे कारभार संपतो. बागेतल्या नळीवरची पट्टी बहुधा 32 पर्यंतच असते, क्रश किंवा सिरप तिच्या पलीकडे जातं. त्यावर उपाय सोपा आहे. वजनाने जेवढं सरबत तेवढंच पाणी घालून मोजायचं आणि आलेला आकडा दुप्पट करायचा.

नळी नसेल तर कागद-पेन्सिल पुरते. पिकलेल्या स्ट्रॉबेरीच्या रसात साखर साधारण 8 टक्के. एक किलो रसात एक किलो साखर घातली, तर दोन किलोंच्या मिश्रणात साखर झाली 1 किलो 80 ग्रॅम, म्हणजे 54 टक्के. आजीच्या पिढीचं ‘रसाएवढी साखर’ हे माप क्रशच्या सरकारी मापाला जवळजवळ टेकतं. त्या बायकांनी ब्रिक्स मोजला नव्हता, पण वर्षानुवर्षांच्या फसलेल्या आणि टिकलेल्या बरण्यांनी त्यांना तिथपर्यंत आणलं होतं. 65 टक्क्यांच्या सिरपला मात्र याच एका किलो रसाला सुमारे 1 किलो 600 ग्रॅम साखर लागते. द्राक्षाचं गणित निराळं. त्याचा रस मुळातच 20 टक्क्यांच्या आसपास गोड असतो, त्यामुळे क्रशच्या पातळीला जायला किलोमागे पाऊण किलोहून थोडीच जास्त साखर पुरते.

साखर टिकवते ती पाणी बांधून. जंतूंना जगायला मोकळं पाणी लागतं. दाट पाकात ते साखरेच्या रेणूंनी धरून ठेवलेलं असतं, उलट जंतूच्याच पेशीतलं पाणी बाहेर ओढलं जातं. हे संरक्षण भरवशाचं होतं ते 65 टक्क्यांच्या पुढे, आणि तिथेही अति गोड पाकात तग धरणारे काही यीस्ट असतातच. 40 टक्क्यांच्या स्क्वॉशमध्ये तर साखरेने निम्मंच काम केलेलं असतं. उरलेलं आम्लाने करायचं. स्ट्रॉबेरीचा सामू 3.5 च्या आसपास असतो आणि 4.6 च्या खाली बोट्युलिझमचे घातक जीवाणू वाढत नाहीत, म्हणून आंबट फळांची सरबतं मुळातच सुरक्षित बाजूला असतात. चिकू, अंजीर, पूर्ण पिकलेला आंबा यांच्यात आंबटपणा कमी. तिथे लिंबू पिळण्याचं काम टिकाऊपणाचंही असतं, आणि ते चवीपुरतं मानून हात आखडता घेणं महागात पडतं. यीस्ट आणि बुरशी मात्र आंबटात सुखाने राहतात. त्यांच्यासाठी तिसरा पहारेकरी लागतो, तो म्हणजे उष्णता.

आता प्रत्यक्ष कृती. स्ट्रॉबेरी देठासकट धुवायची आणि मग देठ काढायचे. आधी काढले तर त्या खड्ड्यातून पाणी आत शिरतं आणि रस पातळ होतो. फळं अर्धी करून स्टीलच्या किंवा काचेच्या भांड्यात एक थर फळांचा, एक थर साखरेचा असं रचायचं आणि झाकून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवायचं. सकाळी भांड्याच्या तळाशी माणकासारखा पाक जमलेला असतो आणि फळं सुरकुतलेली असतात. साखरेने रस ओढून घेतला, आणि तोही फळ न शिजवता. म्हणून या पद्धतीने काढलेल्या रसाला ताज्या फळाचा वास राहतो. मिक्सरमधून काढलेला रस जास्त निघतो खरा, पण त्यात हवा मिसळते आणि रंग लवकर तपकिरी होतो. ज्याला सिरप आरपार हवं असेल त्याने फडक्यातून नुसतं गळू द्यावं. फडकं पिळलं की गढूळपणा आलाच.

गाळलेल्या पाकात किलोला दोन लिंबांचा रस घालून तो मंद आचेवर 80 ते 85 अंशांपर्यंत तापवायचा. म्हणजे कडेने बारीक बुडबुडे येतात, वाफ धरते, पण उकळी फुटलेली नसते. उकळी येऊ दिली तर स्ट्रॉबेरीची लाली विटकरीकडे झुकते आणि चव जॅमसारखी होते. दुसऱ्या भांड्यात बाटल्या वीसेक मिनिटं उकळून तयार ठेवायच्या. गरम बाटलीत गरम पाक, वर दोन बोटं जागा, लगेच झाकण. मग बाटली मिनिटभर आडवी करायची, म्हणजे झाकणाची आतली बाजूही त्या उष्णतेत न्हाऊन निघते. ॲल्युमिनियम, लोखंड किंवा कल्हई उडालेलं पितळ यात कुठेच येता कामा नये. आम्ल धातू खातं आणि लाल रंग काळवंडतो.

परिरक्षक घालायचं की नाही, हा घरोघरीचा प्रश्न. फ्रिजमध्ये ठेवून दोन-तीन महिन्यांत संपवायचं असेल तर गरज नाही. विकायचं किंवा वर्षभर बाहेर ठेवायचं असेल तर दोन पावडरी प्रचलित आहेत. त्यातली कोणती कुठे चालते याची समज फार कामाची. पोटॅशियम मेटाबायसल्फाइटमधून निघणारा गंधकाचा वायू लिंबू, संत्रं, आंबा, अननस यांच्या पिवळ्या-नारिंगी सरबतांना उत्तम राखतो, पण स्ट्रॉबेरी, जांभूळ, कोकम यांचा लाल-जांभळा रंग तोच वायू उडवून टाकतो. त्यांना सोडियम बेंझोएट लागतं. प्रमाण लिटरला पहिल्याचं साधारण 0.6 ग्रॅम, दुसऱ्याचं 0.7 ग्रॅम. चिमूट आणि चमचा इथे उपयोगाचे नाहीत, दागिने तोलायचा छोटा काटाच हवा. दमेकऱ्यांना सल्फाइटचा त्रास होऊ शकतो, म्हणून घरच्या बाटलीवरही ते घातल्याची चिठ्ठी लावावी.

साखर आणि आम्ल मिळून रस टिकवतात, ही गोष्ट जगाला समुद्रावर नीट समजली. स्कर्व्हीपासून वाचण्यासाठी ब्रिटिश खलाशांना लिंबाचा रस लागे आणि तो टिकावा म्हणून त्यात दारू मिसळत. 1867 साली स्कॉटलंडच्या लीथ बंदरातल्या लॉचलन रोझने दारूऐवजी साखरेने हा रस टिकवण्याचं पेटंट घेतलं. त्याच वर्षी ब्रिटनने व्यापारी जहाजांवर लिंबाचा रस कायद्याने सक्तीचा केला आणि रोझचं लाइम कॉर्डियल जगभर फिरलं. महाराष्ट्रात उन्हाळ्याच्या तोंडी लिंबाचा रस आणि साखर काचेच्या बरणीत घालून उन्हात ठेवण्याची जी रीत आहे, तिचं शास्त्र तेच. कोकणात कोकमाच्या सालींत साखर भरून अमृत कोकम करतात तेही त्याच जातीचं.

द्राक्षाची गोष्ट जरा हट्टी आहे. सांगलीत पिकतं ते मुख्यतः थॉमसन सीडलेस आणि त्यातून निवडलेले वाण. त्यातला ‘तास-ए-गणेश’ तर तासगाव तालुक्यातल्या बोरगावच्या बागेतून निघाला. ही द्राक्षं खायला आणि बेदाण्याला नामी, पण त्यांच्या रसाला रंग नाही, वास बेताचा आणि आंबटपणा थोडा. नुसत्या साखरेने त्याचं गोड पाणी होतं. काळ्या शरद सीडलेसचे थोडे मणी सालीसकट गरम करून मिसळले, किलोला अर्धी वाटी लिंबाचा रस आणि थोडं आलं घातलं, की त्याला सरबताचं रूप येतं. काढणीच्या वेळी अवकाळी पाऊस आला की मणी तडकतात आणि असे घड बाजारात कोणी उचलत नाही. तडकल्याच्या त्याच दिवशी, बुरशी धरायच्या आत, रस काढला तरच त्याचा उपयोग. फवारण्यांचा काळ नुकताच उलटला असेल तर तो माल घरच्या सरबतालाही घेऊ नये.

द्राक्षाचं सरबत पहिल्यांदा करणाऱ्याला आणखी एक धक्का बसतो. फ्रिजमधल्या बाटलीच्या तळाशी काचेच्या कणांसारखे खडे जमतात आणि घरचे लोक बाटली फेकून देतात. ते द्राक्षातल्या टार्टारिक आम्लाचे पोटॅशियम क्षार असतात. थंडीत ते कमी विरघळतात म्हणून खाली बसतात, अपाय काहीच नाही. साखर घालण्याआधी गाळलेला रस तापवून, निववून दोन-तीन दिवस फ्रिजमध्ये राहू दिला आणि वरचा निवळ अलगद ओतून घेतला, की बरेचसे खडे तिथेच मागे राहतात.

सांगलीने द्राक्ष टिकवण्याचा आपला मार्ग वेगळाच काढला. चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा. पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात घड बुडवून मण्यांवरचा मेणाचा थर ढिला करतात आणि जाळीच्या रॅकवर सावलीत सुकवतात. सांगलीच्या बेदाण्याला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं. घरच्या बाटलीसाठी हा बेदाणा द्राक्षापेक्षाही सोयीचा, कारण त्यात उन्हाळ्याची वाट पाहावी लागत नाही.

मद्याकडे वळलं की या भागाची एक जुनी परंपरा समोर येते, जिला कोणी दारू म्हणत नाही. ती म्हणजे द्राक्षासव आणि द्राक्षारिष्ट. साताऱ्याच्या आयुर्वेदीय अर्कशाळेसारख्या संस्थांनी आसव-अरिष्टांच्या बाटल्या घराघरांत पोचवल्या. द्राक्षारिष्टात मनुकांचा काढा, गूळ, दालचिनी, वेलची, तमालपत्र, नागकेशर, मिरी, पिंपळी असतात आणि या सगळ्यांना आंबवायला धायटीची फुलं. सह्याद्रीच्या उतारांवर उन्हाळ्याच्या सुरुवातीला लाल नळकांड्यांसारखी फुलणारी ही धायटी मधाबरोबर यीस्टही घेऊन येते. जुन्या ग्रंथांत तूप चोळलेला मातीचा रांजण तोंड बांधून महिनाभर ठेवायला सांगितला आहे. त्यात आपोआप तयार होणारं अल्कोहोल साधारण 5 ते 10 टक्के असतं. फळ, गोडवा, मसाला आणि मद्यार्क हे युरोपातल्या लिक्युअरचे चारही घटक इथे आहेत. फरक मात्रेचा, इथे ते दोन चमचे पाण्यातून जेवणानंतर घेतात.

हा प्रकार घरी करू जाणाऱ्याला मात्र कायदा आडवा येतो. 1949च्या दारूबंदी कायद्यानुसार महाराष्ट्रात परवान्याशिवाय घरात मद्य आंबवणं किंवा गाळणं गुन्हा आहे. शिवाय दारू विकत घ्यायला आणि बाळगायला परवाना लागतो, आणि कडक दारूसाठी वयाची अट 25 वर्षांची. 2001 साली राज्याने द्राक्ष-प्रक्रिया धोरण आणलं, पलूसला कृष्णा व्हॅली वाइन पार्क झालं, पण ती सवलत परवानाधारक वायनरीला होती. स्वयंपाकघराला नव्हती.

लिक्युअरला आंबवण्याची गरजही नसते. ते तयार मद्यात फळ मुरवून होतं आणि त्याचं गणित सरबताइतकंच सरळ आहे. भारतात मिळणाऱ्या व्होडका, रम, ब्रँडीत अल्कोहोल बहुधा 42.8 टक्के असतं. 750 मिलीच्या बाटलीत म्हणजे सुमारे 320 मिली. त्यात अर्धा किलो स्ट्रॉबेरी घातली तर फळातलं साडेचारशे मिली पाणी त्यात उतरतं. वर 200 ग्रॅम साखर. सगळं मिळून सव्वातेराशे मिलीच्या आसपास होतं आणि अल्कोहोल येतं 24 टक्क्यांवर. 20 च्या वर ते असल्याने बरणीत दुसरं काही वाढत नाही. त्याहून जास्त फळ कोंबलं तर हा आकडा घसरतो आणि बरणी आंबायला लागते. फळ मद्यात पूर्ण बुडालेलं हवं आणि बरणी अंधारात. आठवडाभरात स्ट्रॉबेरी पांढरी पडते, कारण तिचा रंग-वास सगळा बाहेर आलेला असतो. तेव्हाच ती काढून टाकावी, जास्त ठेवून कडवटपणा तेवढा वाढतो. बेदाणा उलट सोशीक आहे. रममध्ये तो महिनाभर निवांत फुगतो आणि मग फळही खाता येतं, रमही. संत्र्या-लिंबाच्या सालीचा वास तेलात असतो आणि ते तेल मद्यात पटकन उतरतं. फक्त सालीची पांढरी बाजू खरवडून टाकायला हवी.

गोव्यात ही रीत घराघरांतली आहे. दुकशिरीची मुळं घातलेली फेणी तिथे औषध म्हणूनही ठेवतात. काजूच्या फेणीला 2009 साली भौगोलिक मानांकन मिळालं आणि गोवा सरकारने तिला राज्याचा वारसा मानलं. महाराष्ट्रात मोहाच्या फुलांच्या वाट्याला असा सन्मान यायचा आहे, आणि तो यायला हवा.

एक गोष्ट इथे ठासून सांगायला हवी. बाटलीवर सील नसलेलं, कोणीतरी स्वस्तात आणून दिलेलं ‘स्पिरिट’ किंवा रंगकामाचं, प्रयोगशाळेचं स्पिरिट लिक्युअरसाठी कदापि वापरू नये. त्यात मिथाइल अल्कोहोल असू शकतं. ते चवीला, वासाला ओळखू येत नाही, पण शरीरात त्याचं फॉर्मिक आम्ल होतं आणि डोळ्यांच्या नसा जळतात. 2015च्या जूनमध्ये मुंबईच्या मालवणीत अशाच विषारी दारूने शंभरहून अधिक माणसं गेली. फळ, साखर किंवा मुरवण यांनी हे विष कमी होत नाही.

पाटण, जावळी, कोयनेच्या खोऱ्यात मे-जूनमध्ये जे पिकतं त्याचा तर अजून पुरता विचारच झालेला नाही. करवंदांना चीक असतो, म्हणून ती मिठाच्या पाण्यात तासभर ठेवून मग गरम पाण्यात फोडावी लागतात. जांभळाचा गर बियांपासून सुटत नाही आणि तुरटपणा घशात धरतो. किलोभर जांभळांना वाटीभर गरम पाणी घालून हाताने कुस्करलं, बिया चोळून काढल्या आणि तो दाट रस गाळला, तर तुरटपणा बराचसा चोथ्यात राहतो. गावातलं पाणी क्षारयुक्त असेल तर हा रस बघता बघता निळसर, मळकट होतो आणि करणारी बाई घाबरते. त्यात लिंबू पिळलं की तोच रंग क्षणात किरमिजी होऊन परततो. साताऱ्याजवळ बोरगावला आणि मिरज तालुक्यात कांचनपूरला कृषी विज्ञान केंद्रं आहेत. फळप्रक्रिया शिकायची असेल तर चौकशीची सुरुवात तिथून करावी आणि विकायचं ठरलं तर अन्नसुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी आधी घ्यावी. जांभळाचा हंगाम जेमतेम महिन्याचा, आणि पहिला जोराचा पाऊस झाला की फळं झाडाखालीच चिखलात जातात. साखर, लिंबं आणि उकळलेल्या बाटल्या त्याच्या आधी घरात हव्यात.